पेन्सिलीवर फिरवलेली शाई

सर, तुमचे डबे आता माझ्याकडे आहेत. काकू गेल्यावर तुमच्या मुलानं नवीन पनवेलचं घर विकायला काढलं आणि मला फोन करून विचारलं, "बाबांचे ते घोडेस्वार तुम्ही नेता का? नाहीतर मी काय करू त्यांचं?" घोडेस्वार हा काकूंचा शब्द. "ह्यांचे घोडेस्वार माझ्या रव्याच्या डब्यांत राहतात आणि माझा रवा पिशवीत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी रिक्षा करून गेले आणि सगळे डबे घेऊन आले. फोनवर त्यानं आणखीही एक गोष्ट विचारली होती, ती शेवटी सांगते. आत्ता सांगितली तर पुढचं लिहायचा धीर राहायचा नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. शिरढोणहून एसटीनं पनवेलला यायचं आणि तालुक्याच्या कचेरीत बसून दिवसभर सातबाऱ्याच्या नकला उतरवायच्या, एवढंच माझं आयुष्य. वाचनालयाच्या फळ्यावर तुमची चिठ्ठी दिसली: 'रशियन शिकवतो. फी नाही. अक्षर चांगलं असेल त्यांनीच यावं.' लहानपणी आमच्याकडे मराठीत आणलेली रशियन गोष्टींची गुळगुळीत कागदाची पुस्तकं होती, त्यातली बर्फाची चित्रं मला आवडायची. माझं भाषाज्ञान तेवढंच, पण अक्षराबद्दल खात्री होती. दार तुम्हीच उघडलंत. चहाचा कप माझ्या हातात देताना बशी थरथरली आणि निम्मा चहा बशीत आला, तेव्हा मला चिठ्ठीतली शेवटची अट कळली. तुम्हाला विद्यार्थी नको होता, हात हवा होता. तुम्ही मला दोन्ही केलंत. एवढ्या वर्षांत एवढं मन लावून मला कुणी काही शिकवलेलं नाही.

तुमच्या वेडाची सुरुवात तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की ती माझ्याच समोर घडल्यासारखी वाटते. खाडीपलीकडच्या कारखान्यात रशियाहून यंत्रं आली होती, त्यांची माहितीपत्रकं उतरवायला तुम्ही तिथे दुभाषी. खोकी उघडताना यंत्रांभोवती कोंबलेली रद्दी बाहेर निघाली. बाकीचे यंत्र बघतायत आणि तुम्ही जमिनीवर बसून रद्दी वाचताय. त्यातलं एक पान जुन्या मासिकाचं होतं. डॉन नदीकाठचे कोळी मासे कसे खारवतात याचं वर्णन, लिहिणारा तिथल्याच एका गावचा कोसॅक, म्हणजे तिकडच्या लढवय्या घोडेस्वारांच्या जमातीतला, आणि वाक्य अर्ध्यात तुटलेलं. पुढचं अर्धं वाक्य शोधायला तुम्ही जे निघालात ते परत आलाच नाहीत. पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यावर तुम्ही पत्र टाकलंत. वर्षभरानं त्या गावातल्या लहानशा संग्रहालयाच्या बाईंचं उत्तर आलं. तिकडे तेव्हा वारं बदलत होतं, कुलपं लावलेली कपाटं उघडत होती. बाई हातानं नकला करून पाठवायच्या: कुठे शाळेच्या हजेरीचं पान, कुठे सभेचं टिपण, कुठे एका अटकेचा दोन ओळींचा हुकूम. त्यातून तुम्ही माणसं जुळवत होता, माणशी एक कार्ड, आणि कार्डं नि नकला काकूंच्या रव्याच्या डब्यांत. कोसॅकांमधले विसरलेले विद्वान, कुणी गाणी गोळा करणारा, कुणी जुन्या थडग्यांच्या टेकड्या मोजणारा, कुणी मासे अभ्यासणारा. एकेकाचं अख्खं आयुष्य दोन-तीन चिटोऱ्यांवर.

"पण कोसॅकच का?" मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "कोसॅक म्हटलं की लोकांना घोडा आणि तलवारच दिसते. आपल्याकडे मावळा म्हटल्यावर त्याच्या हातात कुणी बोरू बघतं का? तुमच्या शिरढोणचंच घे. तिथे जन्मलेल्या क्रांतिकारकाचं नाव पोरांना पाळण्यात कळतं. त्याला धुळाक्षरं कुणी गिरवायला लावली, सांग बघू." घरी जाऊन आजोबांना विचारलं, तर त्यांनाही माहीत नाही. त्या दिवसापासून मी तुमची झाले.

आणि पेन्सिलीची युक्ती तुम्हाला मीच दिली. कबुलीची सुरुवात इथूनच करायला हवी. आमच्या खात्यात जमिनीचा फेरफार आधी पेन्सिलीनं नोंदवायचा. मग नोटीस निघते, कुणाची हरकत असेल तर ती ऐकतात, वरचा अधिकारी कागद बघून मंजुरी देतो, आणि मगच पेन्सिलीच्या जागी शाई येते. हे मी सहज बोलून गेले, तर तुम्ही खुर्चीतून उठलातच. "अगं, ह्याहून सज्जन पद्धत जगात नसेल!" दुसऱ्या दिवसापासून आपल्या कार्डांवर तोच कायदा. कागदावर डोळ्यांनी पाहिलेलं ते शाईनं, आपला अंदाज तो पेन्सिलीनं आणि पुढे प्रश्नचिन्ह. पहिल्याच महिन्यात माझी चूक झाली. टेकड्या मोजणाऱ्या गृहस्थांचा माग एका सालानंतर लागत नव्हता, म्हणून मी शाईनं लिहिलं, 'त्याच वर्षी निधन.' तुम्ही कार्ड डोळ्यांजवळ नेलंत, आणि मग असा आवाज चढला तुमचा की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "कागदानं नाही मारलं ह्यांना. तू मारलंस!" मी रडले. काकूंनी मला आत नेऊन गरम पोळी-गूळ दिला आणि म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. माझ्या माहेरच्या माणसांसाठी कधी इतका ओरडला नाही हा माणूस."

त्यानंतर तुम्ही मला उरणजवळच्या करंजा बंदरावर घेऊन गेलात, हे आठवलं की आजही हसू येतं. मासे खारवण्याचं ते तुटलेलं वर्णन बरोबर समजलंय का, हे तुम्हाला खऱ्या माणसाकडून तपासायचं होतं. तिथे एक म्हातारी कोळीण बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगत होती. तुम्ही तिला डॉन नदीचं सगळं वर्णन ऐकवलंत. तिनं ऐकून घेतलं, "मीठ कमी परतंय त्यांचं," एवढा निकाल दिला आणि कामाला लागली. तेवढ्यात एक होडी लागली. तुम्ही विचारलंत, "आज काय मिळालं असेल हो त्यांना?" ती म्हणाली, "मना काय ठावं? टोपली उतरली नाय अजून. माज्या डोल्यांनी बघितल्याबिगर मी नाय बोलनार, बाबा. उगा बोलायचं नि कोनाचा तरी धंदा बुरवायचा." तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत आणि परतीच्या एसटीत दर दहा मिनिटांनी ते वाक्य म्हणत राहिलात. पुढच्या रविवारी तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, निळं, सोनेरी टोपणाचं. "आता तू शाई वापरायला लायक झालीस," म्हणालात.

सर, त्याच पेनानं मी ते केलं.

आपल्या डब्यांमध्ये दोघं मित्र होते. खरी नावं लांबलचक, म्हणून आपण त्यांना मासेवाले आणि गाणीवाले म्हणायचो. मासेवाले म्हणजे त्या पहिल्या पानाचे लेखक. गाणीवाले त्याच गावचे शाळामास्तर, कोसॅक बायकांची लग्नातली गाणी गोळा करणारे. तिकडच्या सरकारी धरपकडीच्या दिवसांत मासेवाल्यांना एका पहाटे उचलून नेलं, ते परत आले नाहीत. त्यांच्या अटकेच्या आदल्या दिवशी शाळेत एक सभा झाली होती. संग्रहालयाच्या बाईंनी तिचं टिपण पाठवलं. हजर असलेल्यांत गाणीवाल्यांचं नाव होतं. कोण काय बोललं ते नव्हतं, तेवढं पान फाटलेलं. आणि पुढच्याच वर्षी गाणीवाले शाळेचे मुख्य झाले. तुम्ही ते टिपण पुन्हा वाचलंत. मग हळूच म्हणालात, "पेन्सिल घे. लिही, कदाचित यांनीच मित्राविरुद्ध सांगितलं असावं. पुढे प्रश्नचिन्ह. मोठं काढ."

मला गाणीवाले आवडत नव्हते. का, तर ते जगले. मासेवाल्यांचं अर्धं वाक्य मला पाठ होतं आणि त्यांच्यासाठी मला कुणावर तरी चिडायचं होतं. एवढंच कारण. कुणी विचारलं असतं तर मी न्यायाबियाच्या गोष्टी केल्या असत्या.

मग संग्रहालयाच्या बाईंनी कळवलं की तुमच्या टिपणांची लहानशी पुस्तिका तिकडे छापायची आहे. तुमच्या जुन्या कारखान्यातले एक इंजिनियर सोमवारी मॉस्कोला निघणार होते, ते हस्तलिखित नेणार. आणि नेमकं त्याच आठवड्यात तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. डोळ्यावर पट्टी बांधून तुम्ही पडलेले, आणि रशियनमधली स्वच्छ प्रत मी एकटीनं करायची. मदतनीस म्हणून माझं नाव छापून येणार होतं. शनिवारी-रविवारी तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी लिहितेय, काकू मधूनमधून ताक आणून ठेवतायत, आणि मी गाणीवाल्यांच्या कार्डाशी आलेय. पानभर 'कदाचित', 'असावं', 'माहीत नाही'. कचेरीत आठवडाभर कच्च्या नोंदी, इथेही कच्च्या नोंदी. मला उबग आला होता. एक तरी गोष्ट पुरी व्हावी असं वाटलं. मी लिहिलं, 'यांनी सभेत मित्राविरुद्ध साक्ष दिली.' लिहिल्यावर ते इतकं खरं दिसलं, सर. माझं अक्षरच तसं आहे, काहीही लिहिलं तरी खरं वाटतं.

इंजिनियर दारात उभे असताना तुम्ही आतून विचारलंत, "मुली, प्रश्नचिन्हं तपासलीस ना सगळी?" मी म्हटलं, "हो सर." ते गेल्यावर मी डबा उघडला आणि कार्डावरचं 'कदाचित' खोडरबरानं घासून काढलं. प्रश्नचिन्ह मोठं होतं, त्याला वेळ लागला. मग तेच वाक्य कार्डावरही शाईनं लिहिलं. कचेरीच्या भाषेत याला मेळ घालणं म्हणतात. चूक झाली म्हणून एखाद वेळ मला माफी असेल, पण त्या घासण्याला नाही. तिथे मी काय करत होते ते मला पक्कं ठाऊक होतं.

पुस्तिका छापून आली तोवर तिकडचा देशच मोडला होता. काकूंनी शिरा केला. तुम्ही एका डोळ्यानं वाचत होता, कारण दुसऱ्याची नजर ऑपरेशननंतरही नीट आली नव्हती, आणि गाणीवाल्यांच्या पानावर घटकाभर थांबलात. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही पान उलटलंत. माझ्या शाईवर तुमचा एवढा विश्वास होता. पुढच्या उन्हाळ्यात पत्र आलं, गाणीवाल्यांच्या मुलीचं. सत्तरी ओलांडलेली बाई, शाळेत स्वयंपाकीण होती. तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलंत. 'मी जन्मभर ह्याच गल्लीत राहिले. समोरच्या घरात माझ्या वडिलांच्या मित्राची नात राहते. तुमची पुस्तिका आल्यापासून तिनं माझ्याकडे बघणं सोडलं आहे. मी तुमच्याशी भांडत नाही. कागद असेल तर मी मान खाली घालीन. फक्त कोणत्या कागदावर लिहिलं आहे ते मला सांगा.'

तुम्ही म्हणालात, "कार्ड काढ." मी काढलं. शाई होती. शाई म्हणजे तुम्ही कागद डोळ्यांनी पाहिला असणार, तुमचाच नियम. तुम्ही माझ्याकडे संशयानं एकदा तरी बघायला हवं होतंत, सर. बघितलं नाहीत. तुम्ही संशय घेतलात तो स्वतःवर. दोन महिने तुम्ही तो कागद शोधत होता. सगळे डबे दिवाणावर उलटे केलेत, एकेक चिटोरं खिडकीशी नेऊन त्या एका डोळ्यानं वाचलंत. मी समोर बसून चिटोरी हातात देत होते. माझी पाचावर धारण बसलेली, आणि तुम्हाला वाटत होतं मी दमले. काकू एक दिवस म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा असं तर नाही ना झालेलं? बघा, जवळच असेल कुठेतरी." कळसा कसला, मी हातभर अंतरावर बसले होते. रोज ठरवायचे, आज सांगीन. रोज तुमचं दार आलं की वाटायचं, उद्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत तुमचा जीव होता आणि मी ती आवळून बसले होते.

शेवटी तुम्ही उत्तर सांगितलंत आणि मी लिहून घेतलं. तुमच्या हातानं लिहिता येत नव्हतं, म्हणून माझ्याच हातानं, तुम्ही दिलेल्या पेनानं: 'कागद सापडत नाही. तो मी पाहिला असला पाहिजे, पण कुठे ते आठवत नाही. दोष माझ्या स्मरणशक्तीचा आहे. विधान मागे घेतो, क्षमा मागतो.' माझा हात जराही थरथरला नाही. पत्र पोस्टात टाकून मी कचेरीत गेले आणि नेहमीइतक्याच नकला उतरवल्या.

त्यानंतर तुम्ही डबे उघडले नाहीत. "ज्याला स्वतःच्या शाईची खात्री नाही त्यानं दुसऱ्यांची आयुष्यं लिहू नयेत," म्हणालात. मग तुम्ही स्वतःची परीक्षा घ्यायला लागलात. पनवेल ते उरण एसटीचे थांबे क्रमानं म्हणायचे, काकूंच्या सगळ्या भाच्यांची नावं, महिन्यापूर्वी काय भाजी होती. एखादं चुकलं की माझ्याकडे बघून कसनुसं हसायचात. "बघ. जातंय सगळं." काही जात नव्हतं, सर. तुमची स्मरणशक्ती शेवटपर्यंत लख्ख होती. तुम्ही तो कागद आठवू शकला नाहीत कारण तो नव्हता. त्याच दिवाळीनंतर तुम्ही गेलात. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. मी त्याला दुसरं काही म्हणत नाही, कारण कागद नसताना लिहायचं नाही हे निदान आता तरी पाळते. पण तुम्ही स्वतःला भ्रमिष्ट समजून गेलात, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय. हे शाईनं.

तेरावं होऊन तीन आठवडे झाले असतील. काकूंनी मला बोलावून घेतलं. तिकडचं दुसरं पाकीट आलं होतं आणि घरात आता ते कुणाला वाचता येत नव्हतं. काकू समोर बसल्या, पदर हातात धरून. "वाच गं. काय म्हणतेय ती बाई? ह्यांना दोष तर देत नाही ना?" मी वाचलं. मनात. चार ओळी होत्या. 'तुमच्या पत्राबद्दल आभार. पण सापडत नाही म्हणजे काय, ते मला समजलं नाही. हरवलेला कागद कधीतरी होता असा अर्थ होतो, आणि समोरची नात तेच म्हणते. मला एवढंच कळवा, तो हरवला, की तो नव्हताच?'

काकू वाट बघत होत्या. मी म्हटलं, "नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्यात, काकू. सरांचे आभार मानलेत." त्यांचा चेहरा सैल झाला. "चांगली बाई दिसते," म्हणाल्या. पत्र मी पर्समध्ये घातलं आणि उत्तर दिलं नाही. आधी वाटलं काकूंना कळेल. मग लग्न झालं, बदली झाली, मुलं झाली. मग वाटलं आता उशीर झाला. ती बाई तेव्हाच सत्तरीपुढची होती. पुढे एवढी वर्षं त्या गल्लीत ती समोरच्या दाराकडे कशी बघत असेल, हा विचार माझ्या मनात रोज येतो असं म्हणायला मला आवडलं असतं. रोज येत नाही. माणूस फार कोडगं असतं, सर.

तर तुमच्या मुलानं फोनवर विचारलं ते हे. त्याला तुमच्या कागदांत पहिल्या पत्राचं पाकीट मिळालं होतं, पत्ता पुसटलेला. "आई सांगायची ती रशियन बाई कोण होती? तिच्या घरच्या कुणाला काही कळवायला हवं का? तुमच्याकडे असेल ना पत्ता?" मी म्हटलं, "होता रे. हरवला." म्हणताना जीभ अडखळली नाही. फोन ठेवल्यावर कळलं की काकूंच्या मागे आता कुणाला दुखवायचं उरलेलं नाही, आणि तरी मी तेच केलं.

काल ते कार्ड काढून खिडकीशी तिरकं धरलं. शाईच्या खाली प्रश्नचिन्हाचा खळगा अजून दिसतो. तुम्ही मोठं काढायला लावलं होतंत. मग मी त्या बाईंना द्यायचं उत्तर कोऱ्या कागदावर लिहून बघितलं: 'असा कागद कधीच नव्हता.' रशियनमध्ये चार शब्द. सगळी भाषा विसरले, पण तेवढं वाक्य न चुकता लिहिता आलं. ह्या चार शब्दांसाठी तुमचे दोन महिने गेले आणि तिची सगळी वर्षं. आणि आज बसून मी लिहितेय काय, तर हे एवढं लांब पत्र, मराठीत, तुम्हाला, जिथे टपाल जात नाही तिथे.

तुम्ही शिकवलं होतंत, तिकडे पत्ता उलटा लिहितात. आधी देश, मग गाव, मग गल्ली, मग घर, आणि माणूस सगळ्यात शेवटी. देशाचं नाव बदललं, तेवढी एक ओळ नवी. बाकीचा पत्ता मला पाठ आहे, सर. एकही दिवस विसरले नव्हते.